फोर्ड ८एन (१९४९): टायमिंग कसं लावायचं? चढावर दम सोडतोय

डोंगरउतार

नमस्कार मंडळी. इथे पेन्सिल्व्हेनियात गावाबाहेर घर घेतलं, त्याबरोबर शेडमध्ये उभा असलेला एक ट्रॅक्टरही आला. फोर्ड ८एन, १९४९चा. चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह इंजिन, पेट्रोलवर चालणारा, सहा व्होल्टची बॅटरी. वरचा पत्रा राखाडी, बाकीचं धूड लाल. मला हा शोभेला ठेवायचा नाही. मागे पाच फुटी गवत कापायचं यंत्र जोडून उतारावरचं रान याच ट्रॅक्टरने साफ ठेवायचं आहे.

तक्रार अशी. थंड असताना लगेच सुरू होतो, आयडलला बरा चालतो. पण यंत्र जोडून चढाला लावला की दम सोडतो. थ्रॉटल पूर्ण ओढला तरी आवाज नुसता जड होतो, फेरे वाढत नाहीत. अंधार पडू लागला की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालसर दिसतो. अर्धा-पाऊण तास काम केलं की मधूनच मिस मारतो.

आधीच्या मालकाने पॉइंट (उघडमीट होऊन ठिणगी पाडणारे संपर्क), कंडेन्सर आणि प्लग नवे घातलेत. पेट्रोल टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत साफ आहे, खालचा नट काढला की जाडजूड धार पडते आणि पडत राहते. म्हणून संशय टायमिंगवर आहे. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) आणली, पण पुलीवर खूणच सापडत नाही. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग, इंजिनाच्या अगदी पुढे, पंख्याच्या मागे खाली बसवलाय आणि त्याच्या डोक्यावरच चौकोनी कॉइल आहे. तो फिरवता येईल असं काही दिसत नाही. कुणी या इंजिनावर हात चालवलाय का?

जुनाबुलेट

या ट्रॅक्टरवर नाही, पण पॉइंटच्या गाड्यांवर भरपूर. तत्त्व सगळीकडे एकच: पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. तो क्षण पिस्टनच्या जागेशी जुळवणं म्हणजे टायमिंग.

जुन्या पॉइंटवाल्या बुलेट ३५०ला पिस्टन टॉपच्या (त्याच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) ०.८ मिमी आधी असताना पॉइंट उघडायला हवेत. आम्ही सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचो, हलका ताण ठेवून इंजिन हळूहळू फिरवायचो. कागद सुटला तो क्षण पकडायचा. तुमच्याकडेही तसंच करा: एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून कॉम्प्रेशन ओळखा, पिस्टन टॉपला आणा, मग डिस्ट्रिब्युटरची बॉडी थोडी थोडी फिरवून बघा.

प्रेअरी

जुनाबुलेट, तत्त्व बरोबर आहे, पण बॉडी फिरवायचा सल्ला इथे लागू होत नाही. आयोवात आमच्याकडे दोन ८एन आहेत, एक जुन्या पद्धतीचा आणि एक नव्या. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

८एन १९४७ ते १९५२ या काळात बनला आणि त्यात डिस्ट्रिब्युटरचे दोन प्रकार आहेत. सिरियल नंबर २६३८४४च्या आधीच्या ट्रॅक्टरांना तो पुढे असतो, थेट कॅमशाफ्टच्या टोकाला जोडलेला. १९३९च्या ९एनपासून हीच पद्धत चालत आली होती. २६३८४४पासून पुढे डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या बाजूला उभा आला, कॉइल वेगळी गोल आली, आणि डॅशवर फेरे दाखवणारं प्रूफमीटर आलं. डोंगरउतार, तुमचा पहिल्या प्रकारचा आहे.

बाजूचा असेल तर काम आपल्या ओळखीचं. पॉइंटची गॅप ०.०२५ इंच, बेल हाउसिंगवरच्या छोट्या खिडकीतून फ्लायव्हीलवरच्या खुणा दिसतात, टॉपच्या ४ अंश आधी लावायचं, बॉडी फिरवायची आणि आवळायची.

पुढचा असेल तर इंजिनावर कुठेही खूण नाही, कारण टायमिंग ट्रॅक्टरवर लावतच नाहीत. डिस्ट्रिब्युटर काढून टेबलावर लावतात. शाफ्टच्या मागच्या टोकाला एक जीभ असते आणि ती मध्यभागी नसते, एका बाजूला रुंद भाग आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. कॅमशाफ्टच्या टोकाची खाचही तशीच. त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो आणि टेबलावर लावलेलं टायमिंग इंजिनात आपोआप जुळतं. माझ्या मते ही या ट्रॅक्टरची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. पावसात, थंडीत, वाकून पंख्याच्या मागे बोटं घालायची गरज नाही.

काढायच्या आधी एक काम करा. वरची कॉइल आणि कॅप काढून कुणाला तरी स्टार्टर क्षणभर दाबायला सांगा आणि रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा) कुठल्या दिशेने फिरतो ते बघून खडूने बाण काढून ठेवा. पुढे हा बाण दोनदा लागणार आहे.

मग दोन बोल्ट काढले की डिस्ट्रिब्युटर हातात येतो. टेबलावर घेतल्यावर क्रम असा:

आधी पॉइंट बघा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खोटं माप दाखवतं, कारण पट्टी उंचवट्यावर टेकते. पातळ कानसने साफ करा, पॉलिश पेपरने नको. त्याचे कण धातूत रुतून बसतात. मग गॅप ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. कॅमच्या टोकावर पॉइंटची टाच असताना मोजायची.

गॅप पक्की झाल्यावरच टायमिंग. हा क्रम उलटा करू नका. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. कमी केली की मागे येतं. टायमिंग लावून मग गॅपला हात लावला तर आधीची मेहनत वाया.

आता पोलादी पट्टी त्या जिभेच्या रुंद बाजूला चिकटवून धरा. शाफ्ट बाणाच्या दिशेने हळू फिरवा आणि पॉइंटला लावलेल्या मल्टिमीटरची बीप ऐकत राहा. मागून बघताना दिशा उलटी दिसते, तेवढं ध्यानात ठेवा. बीप थांबली, म्हणजे पॉइंट उघडले, त्या क्षणी पट्टीची कड बोल्टच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपासून पाव इंचावर यायला हवी. नसेल तर कडेला लॉकचा एक स्क्रू आहे, तो सैल केला की पॉइंटची ताटली थोडी सरकते. सरकवा, आवळा, परत मोजा.

बसवताना मात्र जपून. रोटर हाताने हलवत जीभ खाचेत पडू द्या, डिस्ट्रिब्युटर हाताने पूर्ण टेकला पाहिजे. फट राहिलेली असताना बोल्टने ओढून घेतला तर ओतीव बॉडीचा कान तुटतो.

सांगलीचा_फिटर

प्रेअरीताई, फार व्यवस्थित लिहिलंत. मी आयुष्यभर डिझेल पंप आणि ट्रॅक्टरवर काम केलं, पेट्रोलचा ट्रॅक्टर आमच्या गॅरेजला कधी आला नाही. पण लक्षणं वाचून एक गोष्ट सांगतो.

थंडीत लगेच सुरू होतो आणि आयडलला बरा चालतो, याचा अर्थ सुरुवातीचं टायमिंग फार चुकलेलं नाही. वर ओढल्यावर मरतो आणि मॅनिफोल्ड लाल होतो, याचा अर्थ फेरे वाढले तरी टायमिंग पुढे जात नाही. डिस्ट्रिब्युटरमध्ये फेरे वाढले की बाहेर फेकली जाऊन टायमिंग पुढे नेणारी वजनं असतात ना? ती अडकली असणार.

डोंगरउतार, शाफ्ट एका हाताने घट्ट धर आणि दुसऱ्या हाताने वरचा रोटर त्याच्या चालीच्या दिशेने पीळ. थोडा फिरला पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगने मागे आला पाहिजे. हललाच नाही किंवा गेला आणि तिथेच राहिला, तर रोग सापडला.

बारामतीकर

काका, हे वजनांचं जरा उकलून सांगाल का? फेऱ्यांप्रमाणे टायमिंग बदलायची गरजच काय? ठिणगी टॉपला पडली की झालं ना?

प्रेअरी

काका सांगतीलच, तोवर मी हिशेब मांडते.

ठिणगी पडली की सिलिंडरमधलं सगळं पेट्रोल एका क्षणात जळत नाही. ज्वाळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, त्याला वेळ लागतो. दाब कमाल व्हायला हवा तो पिस्टन टॉपवरून नुकताच खाली निघाला असताना. म्हणून ठिणगी आधी टाकावी लागते.

४०० फेऱ्यांना क्रँक एका मिलीसेकंदात २.४ अंश फिरतो. २००० फेऱ्यांना त्याच एका मिलीसेकंदात १२ अंश. जळायला लागणारा वेळ काही पाचपटीने कमी होत नाही. म्हणजे आयडलला चार अंशांची आघाडी पुरली तरी कामाच्या फेऱ्यांना ती अगदी तोकडी पडते. पिस्टन बराच खाली गेल्यावर आग पोचते, ताकद पिस्टनला मिळायची ती एक्झॉस्टमधून बाहेर जाते, आणि मॅनिफोल्ड लाल होतो. डोंगरउतार यांनी वर्णन केलंय ते नेमकं हेच.

मिश्रण फार पातळ असेल तरी मॅनिफोल्ड तापतो. पण पातळ मिश्रणात चोक थोडा ओढला की इंजिन सुधारतं. ही चाचणी आधी करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

जुनाबुलेट

बुलेटलाही ऑटो अॅडव्हान्सची वजनं असतात. म्हणून ते ०.८ मिमीचं माप वजनं मिटलेली असताना घ्यायचं, हे वर लिहायचं राहिलं होतं.

टायमिंग फार पुढे गेलं तर काय होतं तेही नवीन लोकांसाठी सांगतो. किक उलटी बसते. पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो आणि इंजिन मागे फिरतं. या ट्रॅक्टरला पुढे हँडल मारायची सोय असते असं ऐकलंय. हँडल मारणार असाल तर आधी टायमिंगची खात्री करा.

सांगलीचा_फिटर

हँडलबद्दल ठासून सांगतो. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. उलटा फटका आला तर वर ओढताना बोटं उघडून हँडल निसटतं. खाली दाबताना मनगट जातं. आमच्याकडे विहिरीवरच्या डिझेल इंजिनांवर पोरं हेच शिकायची आधी, मग डीकॉम्प्रेशनचा लिव्हर.

विद्युतवेल

मी वेगळा मुद्दा मांडतो. सहा व्होल्ट पॉझिटिव्ह अर्थसाठीसुद्धा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे किट मिळतात. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही जातात, त्यांच्या जागी चुंबकाची रिंग आणि सेन्सर येतो. घासायला काही नाही, म्हणून गॅप बदलत नाही. पुन्हा पुन्हा उघडायची कटकट का ठेवायची?

एक काळजी घ्या. या ट्रॅक्टरांना बॅटरीचा अधिक टोक चासीला जोडलेला असतो. आपल्या गाड्यांच्या सवयीने वजा टोक चासीला जोडलं तर असा किट क्षणात जळतो.

प्रेअरी

विद्युतवेल, किट वाईट नाहीत आणि ज्यांना रोज सकाळी हमखास सुरू होणारा ट्रॅक्टर हवा त्यांनी जरूर बसवावा. पण इथे तो आधी बसवू नये असं मला वाटतं, आणि मी यावर ठाम आहे. किट फक्त स्विच बदलतो. वजनं तीच राहतात, शाफ्ट तोच, बुश तेच. वजनं अडकलेली असतील तर किट बसवूनही मॅनिफोल्ड लालच होईल, आणि मग माणूस किटला दोष देत बसतो. आधी यांत्रिक बाजू शंभर टक्के करा. नंतर किट घाला किंवा पॉइंट ठेवा, दोन्ही चालेल.

मी स्वतः पॉइंट ठेवलेत. शेताच्या पलीकडच्या टोकाला बंद पडला तर कानस आणि फिलर गेज खिशात असतं आणि ट्रॅक्टर परत घरी येतो.

डोंगरउतार

सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्ट्रिब्युटर काढला.

चोकची चाचणी केली होती, काही फरक नाही. रोटर पिळून बघितला, काका, तसूभरही हलला नाही. आतली ताटली काढली तर वजनांभोवतीचं जुनं ग्रीस वाळून डांबरासारखं घट्ट झालंय. वजनं खिळल्यासारखी.

पॉइंटची गॅप एका टोकावर १५ हजारांश इंच आहे, पुढच्या टोकावर ११, मग १४, मग परत ११. असं कसं? कॅम वाकडा झिजतो का?

सांगलीचा_फिटर

कॅम सहसा एवढा वाकडा झिजत नाही. शाफ्ट बुशमध्ये, म्हणजे ज्या नळीत तो फिरतो तिच्यात, हलतोय. डिस्ट्रिब्युटर व्हाइसमध्ये हलक्या हाताने धर, पॉइंटमध्ये गेज ठेव आणि शाफ्ट अंगठ्याने आडवा ढकल. गॅप बदलताना दिसली तर बुश गेले.

याचा परिणाम नीट समजून घे. गॅप बदलली म्हणजे त्या सिलिंडरचं टायमिंग बदललं. तुझ्या इंजिनात चार सिलिंडर चार वेगवेगळ्या वेळांना पेटतायत. अशा डिस्ट्रिब्युटरला कितीही प्रेमाने टायमिंग लावलंस तरी ते एकाच सिलिंडरचं लागेल.

बुश काढून नवे दाबून बसवायचे आणि शाफ्टच्या मापाला रीमर मारून घ्यायचा. शाफ्टवरच खाच पडली असेल तर शाफ्टही बदलायचा. घरी हातोडीने ठोकू नकोस, जवळच्या टर्नरकडे दे. वजनं डिझेलमध्ये रात्रभर भिजत ठेव, पितळी ब्रशने घास, खिळ्यांवर हलकं तेल लाव, ग्रीस नाही. दोन्ही स्प्रिंगा बघ, ताणलेली असेल तर बदल. सैल स्प्रिंगने टायमिंग फार लवकर पुढे पळतं.

बारामतीकर

वाचून एक शंका. आमच्या आजोबांचं किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन मळ्यात पडून आहे, ते चालू करायचंय. डिझेलला ठिणगी नाही, मग टायमिंगचा प्रश्न येत नाही ना? धाग्याचा विषय सोडून विचारतोय, माफ करा.

सांगलीचा_फिटर

विषय अजिबात सुटला नाही, सख्खा भाऊ आहे हा. डिझेलला ठिणगी नसते, पण पंप डिझेल कधी ढकलतो ते वेळेवरच व्हावं लागतं. त्याला आम्ही स्पिल टायमिंग म्हणतो. १५०० फेऱ्यांच्या एका सिलिंडरच्या किर्लोस्करला साधारण टॉपच्या २३ अंश आधी इंजेक्शन सुरू होतं. तरी तुझ्या इंजिनाच्या पुस्तकात किंवा पट्टीवर जे असेल तेच धर.

पंपाची वरची नळी सोड, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेव, होल्डर परत बसव आणि त्यावर वाकडी बारीक नळी लाव. रॅक (पंपाचं डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) फुल डिझेलच्या जागी धर. टाकीतून धार येत राहील. आता फ्लायव्हील चालीच्या दिशेने अगदी हळू फिरव. धार बारीक होत थेंबांवर येते आणि थांबते. थांबली तिथे प्लंजरने भोक झाकलं, तिथून इंजेक्शन सुरू. फ्लायव्हीलवर खूण कर आणि टॉपच्या खुणेपासून अंतर मोज.

अंश मोजायला यंत्र लागत नाही. दोरीने फ्लायव्हीलचा घेर मोज आणि ३६०ने भाग. समजा घेर १८०० मिमी निघाला, तर एक अंश ५ मिमी आणि २३ अंश म्हणजे ११५ मिमी. कमी-जास्त असेल तर पंपाखालच्या शिमा, म्हणजे पातळ पत्रे, कमी-जास्त करायच्या. शिम काढली की पंप कॅमजवळ येतो, टायमिंग पुढे जातं. घातली की मागे. जेवढ्या शिमा निघतील तेवढ्या सांभाळून ठेव. साफसफाईत एखादी हरवली की टायमिंग आपोआप बदलतं आणि मग माणूस नोझल बदलत बसतो, रिंगा बदलतो, आणि इंजिन काळा धूर ओकतच राहतं.

बारामतीकर

काका, हे प्रिंट काढून मळ्यात नेतो. एक विचारू? हे फोर्ड आणि आपल्याकडचा मॅसी फर्ग्युसन यांचा काही संबंध आहे का? मागचं तीन टोकांचं जोडकाम फोटोत अगदी सारखं दिसतं.

जुनाबुलेट

जवळचा संबंध आहे. हायड्रॉलिकवर चालणारी ती थ्री पॉइंट लिंकेज हॅरी फर्ग्युसनची. १९३८ मध्ये त्याने आणि हेन्री फोर्डने नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये ९एन आला. फोर्डच्या नातवाच्या काळात करार मोडला, १९४७ मध्ये फोर्डने फर्ग्युसनला वगळून ८एन बाजारात आणला. फर्ग्युसनने २५.१ कोटी डॉलरचा दावा लावला. १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ पासून त्याचा टीई२० बनत होताच. १९५३ मध्ये तो मॅसी-हॅरिसबरोबर गेला आणि मॅसी फर्ग्युसनचं घराणं तिथून सुरू झालं. आपल्या शेतांवरचा १०३५ हा त्याच घराण्यातल्या ३५ मॉडेलवरून आलेला. म्हणून मागून बघितलं की चेहरा ओळखीचा वाटतो.

डोंगरउतार

बुश बसवून आणले. जवळच्या गावात एक म्हातारे टर्नर आहेत, त्यांनी डिस्ट्रिब्युटर बघताच ओळखला. शाफ्ट चांगला निघाला. आता चारही टोकांवर गॅप १५ हजारांश, एखाद्या ठिकाणी केसभर फरक. वजनं मोकळी झाली, रोटर पिळला की झटकन मागे येतो. पाव इंचाचं माप लागलं. ते आधी जवळपास बरोबरच होतं, काका म्हणाले तसं.

डिस्ट्रिब्युटर बसवला, तारा लावल्या, तर आता ठिणगीच नाही! कॉइलपर्यंत वीज येते.

प्रेअरी

घाबरू नका, पुढच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे नेहमीचं आहे. आत पॉइंटला जोडणारी तांब्याची बारीक पट्टी आहे, ती बॉडीला कुठेतरी टेकली असणार. तिच्याखालचा इन्सुलेटर जागेवर आहे का बघा. पॉइंटमध्ये जाड कागद सरकवून वेगळे ठेवा आणि पट्टी ते बॉडी मल्टिमीटर लावा. बीप आली तर टेकलीय. कॉइलच्या तळाची स्प्रिंग नीट टेकतेय का तेही बघा, बसवताना ती वाकते.

तोवर चावी चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइलमधून सतत करंट वाहतो, ती तापते आणि आतला डांबरी मसाला वितळतो. अशी तापलेली कॉइल नंतर थंडीत चालते आणि अर्ध्या तासाने दगा देते. तुमचं मिस मारणं तिचंही असू शकतं. गरम होऊन मिस मारायला लागला की त्याच क्षणी ठिणगी बघायची, थंड झाल्यावर नाही.

तारांचा क्रमही तपासा. या इंजिनाचे सिलिंडर पेटण्याचा क्रम १-२-४-३ आहे, बहुतेक चार सिलिंडर गाड्यांसारखा १-३-४-२ नाही. एक नंबर रेडिएटरकडचा. कॅपवर रोटरच्या बाणाच्या दिशेने जायचं. सवयीने १-३-४-२ लावलं तर एक आणि चार बरोबर पेटतात, दोन आणि तीन उलटे, आणि इंजिन कार्ब्युरेटरमधून फाटफाट करत दोनच सिलिंडरवर चालतं.

डोंगरउतार

पट्टीच होती! इन्सुलेटर अर्धा इंच बाजूला सरकला होता. तारांचा क्रम बरोबर होता.

सुरू झाला. आवाजच वेगळा आहे. थ्रॉटल ओढला की मागे न राहता लगेच वर जातो. आज यंत्र जोडून त्याच चढावर नेला, पीटीओ (यंत्र फिरवणारा मागचा शाफ्ट) ५४० फेऱ्यांना ठेवून, म्हणजे इंजिन साधारण १५००ला, आणि एकदाही गिअर बदलावा लागला नाही. मॅनिफोल्ड अंधारातही काळा. मिस अजून आलेलं नाही, कॉइलवर लक्ष ठेवून आहे.

आणलेली टायमिंग लाइट वाया गेली म्हणायची का?

विद्युतवेल

वाया नाही. एक नंबरचा पिस्टन नेमका टॉपला आणून पुलीवर आणि तिच्यासमोर इंजिनावर पांढऱ्या रंगाची खूण करा. लाइटला १२ व्होल्ट लागतात, ते वेगळ्या गाडीच्या बॅटरीवरून द्या, ट्रॅक्टरच्या सहावर नको. क्लिप फक्त एक नंबरच्या वायरवर. आयडलपासून हळूहळू फेरे वाढवा आणि खूण सरकते का बघा. सलग, धक्के न खाता सरकली पाहिजे आणि थ्रॉटल सोडल्यावर परत यायला हवी. वजनं नीट काम करतायत याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. पंख्यापासून सांभाळून, बाह्या दुमडून.

सांगलीचा_फिटर

शाब्बास रे. लाइटने खूण एका जागी स्थिर दिसते की थरथरते तेही बघ. थरथरली तर शाफ्ट अजून कुठेतरी सैल आहे. आयडलला थोडी थरथर चालते, कामाच्या फेऱ्यांना नाही.

डोंगरउतार

काका, बघितलं. आयडलला किंचित हलते, वर गेल्यावर एकदम स्थिर. आणि सलग सरकते. लाइटमध्ये ती खूण सरकताना बघायला फार आवडलं.

प्रेअरी

मग काम झालं. दोनच गोष्टी लिहून ठेवा. प्लगची गॅप ०.०२५ इंच, काढाल तेव्हा रंग बघा, फिका तपकिरी हवा. आणि दहा-बारा तास चालवल्यावर डिस्ट्रिब्युटर परत काढून गॅप मोजा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला कॅमवर घासून बसते, गॅप कमी होते आणि त्याबरोबर टायमिंग मागे येतं. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात ठेवा, म्हणजे टाच हळू झिजेल. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं आणि ते जळतात. गॅप १५ला आणली की पाव इंचाचं माप पुन्हा घ्या, मग हंगामभर बघायला नको.